तालुक्याच्या वाचनालयात कोहा बसवताना: मे ते जुलै 2024 च्या नोंदी

2 मे, गुरुवार

आमचं वाचनालय बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. अनुदानित, 'ब' वर्ग, पुस्तकं अकरा हजारांच्या वर. पूर्वी एका पुरवठादाराकडून विकत घेतलेलं सॉफ्टवेअर होतं. ते ज्या संगणकावर होतं तो गेल्या दिवाळीत बंद पडला आणि पुन्हा बसवून द्यायला कुणी आलं नाही. तेव्हापासून देवघेव वहीवर चालू आहे. ग्रंथपाल मावशी म्हणाल्या, "सर, शाळा उघडल्या की लेकरांची रांग लागते. त्याच्या आत काही तरी बघा."

कोहा हे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयांसाठी ते तयार झालं आणि जानेवारी 2000 पासून तिथं वापरात आलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. परवान्याचे पैसे नाहीत, सगळा डेटा आपल्याच हातात राहतो आणि बसवून देणारा माणूस गाव सोडून गेला तरी दुसरा कुणीही ते पुढं चालवू शकतो. आमचे हाल या शेवटच्या गोष्टीवरूनच झालेत, म्हणून माझ्या लेखी तीच सगळ्यात मोठी.

मशीन: महाविद्यालयातून मिळालेला दुसऱ्या पिढीचा आय थ्री, 2 जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. इंटरनेट माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला दीड जीबी.

या नोंदी वाचनालयाच्या वहीत लिहितोय. मावशींना आणि शिपाई मामांनाही वाचता याव्यात म्हणून कमांड उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच द्यायच्या.

3 मे

डेबियन 12 (लिनक्सची एक प्रणाली) पेन ड्राइव्हवरून बसवलं. डेस्कटॉप घेतला नाही, कारण रॅम कमी. पाऊण तासात झालं.

त्यानंतर 'अ‍ॅप्ट अपडेट' दिलं (डेबियनमध्ये सॉफ्टवेअर उतरवून बसवायचं साधन म्हणजे अ‍ॅप्ट) आणि पहिलीच ठेच लागली. "रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट." मला वाटलं मिरर (जिथून फाइली उतरतात तो सर्व्हर) बिघडलाय. तीन मिरर बदलले, हॉटस्पॉट बदलला, मावशींच्या फोनवरून करून पाहिलं. दोन तास गेले. शेवटी 'डेट' अशी साधी कमांड दिली तर समोर भलतीच मागची तारीख. अ‍ॅप्ट रिपॉझिटरीच्या (सॉफ्टवेअरच्या साठ्याच्या) फाइलीवरची तारीख बघतं. ती आपल्या घड्याळाच्या पुढची असेल तर फाइल नाकारतं. एचटीटीपीएसची प्रमाणपत्रंही त्याच कारणानं नाकारली जात होती.

कॅबिनेट उघडलं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढला तर त्याच्या कडेला हिरवट पूड जमलेली. खाचेतल्या पत्र्यालाही तीच पूड. टूथब्रशनं घासून काढली.

4 मे

घड्याळजीकडं सीआर 2032 सेल मिळाला, 40 रुपये. बायोसमध्ये तारीख लावली, अपडेट पहिल्या झटक्यात झालं. जुनं मशीन मिळालं तर सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी तारीख बघा.

6 ते 8 मे

हे तीन दिवस माझ्या चुकीनं गेले. सविस्तर लिहितो, कारण पुढं ज्याला हे करायचंय तोही इथंच फसण्याची शक्यता जास्त.

मी 2016 मधली एक मार्गदर्शिका समोर ठेवली होती. तिच्यात कोहाची कॉम्प्रेस केलेली सोर्स फाइल उतरवून सोडायची आणि लागतील ती पर्ल भाषेतली मॉड्यूल (तयार सुटे भाग) सीपॅन या त्यांच्या इंटरनेटवरच्या साठ्यातून एकेक बसवायची, असं होतं. कोहा पर्लमध्ये लिहिलेलं आहे आणि त्याला मॉड्यूल भरपूर लागतात. चालवलं की "कॅन्ट लोकेट" म्हणून एका मॉड्यूलचं नाव यायचं. ते सीपॅनवरून बसवायचं, पुन्हा चालवायचं, पुढचं नाव यायचं. पहिल्या दिवशी अशी तेहतीस मॉड्यूल बसवली. वहीच्या मागच्या पानावर यादी आहे.

दुसऱ्या दिवशी डीबीडी-मायएसक्यूएल या मॉड्यूलपाशी गाडी अडली. पर्लला डेटाबेसशी बोलायला हे लागतं. सीपॅन ते बांधायला घेई आणि दर वेळी मध्येच लाल अक्षरांत सोडून देई. दुपारचे तीन तास मी कंपायलर आणि हेडर फाइली बसवत राहिलो. मूळ कारण संध्याकाळी कळलं. या मॉड्यूलची 5 पासून पुढची आवृत्ती, म्हणजे 2023 पासूनची, बांधायला मायएसक्यूएल 8 ची क्लायंट लायब्ररी मागते आणि डेबियनमध्ये मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी हा डेटाबेस असतो. सीपॅन नेहमी सगळ्यात ताजी आवृत्ती आणतो, म्हणून ते माझ्या मशीनवर कधीच बांधलं गेलं नसतं. डेबियनच्या स्वतःच्या पॅकेजमध्ये 4 ची आवृत्ती आहे, ती मारियाडीबीवर व्यवस्थित चालते.

मग ते एक पॅकेज अ‍ॅप्टनं घेतलं आणि बाकीची सीपॅनचीच ठेवली. तिसरा दिवस या खिचडीत गेला. सीपॅन मॉड्यूल 'यूएसआर-लोकल'खाली ठेवतो. पर्ल शोधायला निघतं तेव्हा आधी तिथंच बघतं, डेबियनच्या फोल्डरकडं नंतर जातं. त्यामुळं एखादं मॉड्यूल दोन्हीकडं असेल तर सीपॅनचं नवं उचललं जातं आणि डेबियननं पारखून घेतलेलं बाजूला राहतं. अ‍ॅप्टला सीपॅननं काय केलं याचा पत्ताच नसतो. तो सांगतो "सगळं बसलंय", आणि कोहा वेगळ्याच ठिकाणी पडतो.

रात्री नऊ वाजता ठरवलं की पुसून नव्यानं सुरू करायचं. तेहतीस मॉड्यूल हुडकून काढत बसण्यापेक्षा पाऊण तासाचं इन्स्टॉलेशन परवडलं.

9 मे

डेबियन पुन्हा बसवलं. या वेळी नियम एकच: जे लागेल ते अ‍ॅप्टनंच. सीपॅनला हात नाही.

कोहाची स्वतःची डेबियन रिपॉझिटरी आहे. तिची चावी (फाइली खऱ्या आहेत हे तपासायला लागते ती) उतरवून अ‍ॅप्टच्या 'कीरिंग्ज' फोल्डरमध्ये ठेवली आणि सोर्स लिस्टच्या ओळीत 'साइन्ड-बाय' लिहून तिचा पत्ता दिला. तरी अपडेट देताच "नो पबकी", म्हणजे चावी सापडली नाही. चाळीस मिनिटं गेली. चावी मजकुराच्या रूपात होती, उघडली की अक्षरं दिसत होती, आणि मी फाइलचं नाव 'डॉट जीपीजी'वर संपवलं होतं. अ‍ॅप्टला मजकुरातल्या चावीच्या शेवटी 'डॉट एएससी' लागतं. नाव बदललं आणि काम झालं. जुन्या लेखांतलं 'अ‍ॅप्ट-की अ‍ॅड' आता वापरू नका.

10 मे

अक्षय तृतीया. वाचनालय बंद. घरी आमरस.

11 मे

'अ‍ॅप्ट इन्स्टॉल कोहा-कॉमन'. सहाशेच्या आसपास पॅकेजेसची यादी आली, बहुतेक 'लिब'नं सुरू होणारी आणि 'पर्ल'वर संपणारी. परवापर्यंत मी ज्यांच्यामागं धावत होतो ती सगळी एका कमांडमध्ये. डेटा पॅक पुरला. उतरवणं संपलं, बसवणं सुरू झालं, आणि दोन वाजून वीस मिनिटांनी लाइट गेली. बाहेर रणरणतं ऊन, आत पंखा थांबला, मशीनही थांबलं. लाइट पाच वाजता आली.

मशीन सुरू केल्यावर अ‍ॅप्टनं स्वतःच सांगितलं की 'डीपीकेजी-कॉन्फिगर-ए' ही कमांड चालवा. चालवली. थोडं पुढं गेलं आणि अडलं: एका पॅकेजच्या "फाइल्स लिस्ट"ची शेवटची ओळ अपुरी आहे, असा संदेश. पॅकेज होतं लिब-टेम्प्लेट-पर्ल. डीपीकेजी (अ‍ॅप्टच्या हाताखाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारं साधन) प्रत्येक पॅकेजनं कुठं कुठं फाइली ठेवल्या याची एक यादी ठेवतो. लाइट गेली त्या क्षणी ती यादी डिस्कवर उतरत होती. उघडून पाहिली तर शेवट मध्येच तुटलेला.

काय केलं ते क्रमानं लिहितो. डीपीकेजीच्या 'इन्फो' फोल्डरमधली त्या पॅकेजची 'डॉट लिस्ट' फाइल पुसण्याऐवजी दुसऱ्या नावानं बाजूला ठेवली. मग 'अ‍ॅप्ट इन्स्टॉल रीइन्स्टॉल' करून तेवढंच पॅकेज पुन्हा बसवलं. मग पुन्हा 'कॉन्फिगर-ए'. मग 'अ‍ॅप्ट फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. अशा आणखी दोन तुटलेल्या याद्या निघाल्या, त्यांचंही तसंच केलं. रात्री साडेआठला सगळं बसलं.

घरी जाण्याआधी अ‍ॅप्टच्या 'आर्काइव्ह्ज' फोल्डरमधल्या सगळ्या 'डॉट डेब' फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या. उद्या पुन्हा पुसायची वेळ आली तर डेटा पॅक जळायला नको.

12 मे

लातूरला जाऊन यूपीएस आणला, 2,900 रुपये. हा पहिल्या दिवशीच आणायला हवा होता.

13 मे

मतदान. ड्यूटी. काम नाही.

15 मे

'कोहा-क्रिएट' दिलं, इन्स्टन्सचं (म्हणजे आपल्या वाचनालयापुरत्या कोहाचं) नाव 'वाचनालय'. लगेच डेटाबेसच्या सॉकेटशी जोडता आलं नाही म्हणून एरर. मी धरून चाललो होतो की कोहा-कॉमनबरोबर मारियाडीबी सर्व्हर येईल. तो वेगळा बसवावा लागतो, डेटाबेस दुसऱ्या मशीनवरही असू शकतो म्हणून. बसवला.

पुन्हा कमांड. आता अपाचे या वेब सर्व्हरचं रीराइट मॉड्यूल चालू नाही असा संदेश आला, आणि ते कसं चालू करायचं हेही त्याच संदेशात होतं. सीजीआय मॉड्यूलचंही करून घेतलं. हे संदेश शांतपणे शेवटपर्यंत वाचले तर निम्मं काम तिथंच होतं. मी सुरुवातीचे दोन दिवस ते वाचतच नव्हतो, सरळ गूगल करत होतो.

तिसऱ्यांदा इन्स्टन्स तयार झाला. ब्राउझरमध्ये मशीनचा पत्ता टाकला तर अपाचेचं स्वागताचं पान. दोन चुका एकत्र होत्या. एक, 'कोहा-साइट्स' ही सेटिंगची फाइल मी आधी उघडलीच नव्हती. तिच्यात कर्मचाऱ्यांचं पान आणि वाचकांचं पान दोन्ही 80 नंबरच्या पोर्टवर होती. मी ती नंतर बदलून 8080 केलं, पण काही फरक पडेना. ती फाइल फक्त इन्स्टन्स तयार होताना वाचली जाते, तयार झालेल्या इन्स्टन्सला ती लागू होत नाही. 'कोहा-रिमूव्ह' करून पुन्हा तयार केला. दोन, अपाचेच्या 'पोर्ट्स' फाइलीत 'लिसन 8080' लिहायचं राहिलं होतं आणि त्याची मूळ साइट बंद करायची राहिली होती.

वेब इन्स्टॉलरनं युजरनेम आणि पासवर्ड मागितला. मी तासभर डेबियनचा पासवर्ड देत बसलो. तिथं डेटाबेसचा लागतो: युजर 'कोहा' अंडरस्कोर इन्स्टन्सचं नाव, पासवर्ड 'कोहा-पासवर्ड' या कमांडनं दिसतो (टाइप करताना ते 'पासडब्ल्यूडी' असं आखूड).

पुस्तकांच्या नोंदींचा साचा म्हणून मार्क 21 निवडलं. संध्याकाळी देवघेव टेबलावरच्या संगणकातून पान उघडलं. मामा मागं येऊन उभे राहिले. "काय करायलाव सर, लागलं का?" लागलं होतं.

22 मे

पुस्तकांची यादी. जुन्या सॉफ्टवेअरमधून कुणी तरी पूर्वी एक्सेलमध्ये काढून ठेवलेली होती, पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात. कन्व्हर्टरनं युनिकोड केलं. नव्वद टक्के बरोबर आलं. बाकी बहुतेक चुका दोनच जातींच्या: पहिली वेलांटी आणि रफार. त्या फॉन्टांत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर तिला मध्येच ठेवतो, म्हणून 'प्रतिष्ठित'मधली वेलांटी ष आणि ठ यांच्या मध्ये घुसते. असे शब्द गाळणी लावून काढले आणि हातानं सुधारले. बारावीच्या दोन विद्यार्थिनींनी चार दिवस मदत केली.

27 मे

दुपारी तीनला मशीन आपोआप बंद. पत्र्याच्या खोलीत ऊन आणि प्रोसेसरच्या पंख्यात धुळीचं बूच. ब्लोअर मारला, थर्मल पेस्ट 120 रुपये. मशीन आतल्या कौलारू खोलीत हलवलं.

29 मे

यादीची मार्क फाइल करून पहिल्या 500 नोंदी आत घेतल्या. पुस्तकांच्या नोंदी आल्या, प्रती एकही नाही. मार्कच्या 952 क्षेत्रात प्रतीची माहिती असते, आणि त्यातला शाखेचा कोड कोहात आधी तयार असावा लागतो, अक्षरन् अक्षर तोच. मी इकडं एक लिहिला होता, तिकडं दुसरा. नोंदी मागं घेतल्या, कोड सुधारला, पुन्हा घेतल्या.

5 जून

हा दिवस सगळ्यात महत्त्वाचा, कारण मराठी वाचनालय कोहा वापरणार असेल तर हे करावंच लागेल.

पुस्तकं आत होती, यादीत दिसत होती, पण शोधाच्या चौकटीत देवनागरी शब्द टाकला की धड काही सापडत नव्हतं. इंग्रजी शब्द सापडत होते. कोहा शोधासाठी झेब्रा नावाचं वेगळं इंजिन वापरतो. त्याची मूळ मांडणी रोमन लिपीच्या अक्षर-तक्त्यावर चालते. देवनागरीसाठी आयसीयू ही पद्धत लावावी लागते. झेब्राच्या 'डिफॉल्ट डॉट आयडीएक्स' फाइलीत शब्दांच्या भागात 'चारमॅप'ची ओळ बंद करून तिच्या जागी 'आयसीयूचेन वर्ड्स-आयसीयू डॉट एक्सएमएल' ही ओळ लिहिली, झेब्रा पुन्हा सुरू केला आणि 'कोहा-रीबिल्ड-झेब्रा' पूर्ण स्वरूपात चालवलं. एवढी एक ओळ. तिच्यापर्यंत पोचायला मला दोन दिवस लागले.

रीबिल्ड चालू असताना 2 जीबी रॅम संपली आणि कर्नलनं (लिनक्सच्या गाभ्यानं) मारियाडीबीलाच मारून टाकलं. दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईहून जुनी 2 जीबी रॅम आणली, 500 रुपये. मग रीबिल्ड पुरं झालं.

ही फाइल सेटिंगच्या 'ईटीसी' फोल्डरखाली आहे. पुढं अपग्रेडमध्ये ती बदलून आली तर डीपीकेजी विचारेल की तुमची ठेवू का नवी घेऊ. आपलीच ठेवायची, नाही तर मराठी शोध पुन्हा बंद.

8 जून

मृगाचा पहिला पाऊस. मावशींनी 'वाऱ्या' असं टाइप केलं आणि नावात तो शब्द असलेलं पुस्तक आलं नाही. पुस्तक कपाटात, नोंद कोहात, शोधात शून्य. दोन्हीकडचा शब्द डोळ्यांना हुबेहूब सारखा दिसत होता. अक्षरांचे कोड काढून पाहिले. मावशींच्या कीबोर्डवरून 'ऱ' हे एकच अक्षर येत होतं, आणि कन्व्हर्टरनं 'र', हलंत आणि त्यानंतर न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह) असं तयार केलं होतं. संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. एक्सेलमध्ये सगळीकडं एकच रूप केलं आणि नोंदी पुन्हा घेतल्या. 'सुऱ्या', 'तऱ्हा', 'गोऱ्या' असले शब्द असतील त्या प्रत्येक यादीत हे होणार. आधीच तपासा.

24 जून

देवघेव चालू. अडचण नाही.

3 जुलै

बॅकअप बघायला गेलो तर फोल्डर रिकामं. कोहा-कॉमन रोज बॅकअप घेण्याची व्यवस्था स्वतःच करतं, पण ते काम क्रॉन (ठरल्या वेळी कामं करणारा प्रोग्राम) पहाटे 6 वाजून 25 मिनिटांनी करतो. आमचं मशीन नऊला सुरू होतं. तोवरची सगळी देवघेव एकाही बॅकअपशिवाय चालली होती, हे कळलं तेव्हा पोटात गोळा आला. 'अनाक्रॉन' बसवलं. राहून गेलेली रोजची कामं ते मशीन सुरू झाल्यावर करून घेतं. शिवाय मामांना शनिवारी पेन ड्राइव्हवर प्रत घ्यायला शिकवलं. ते फाइलीच्या नावातली तारीख वहीत लिहून सही करतात.

16 जुलै

अपग्रेडची यादी बघताना दिसलं की कोहा 23.11 वरून 24.05 वर जायला निघालंय. सोर्स लिस्टमध्ये मी 'स्टेबल' लिहिलं होतं. मे आणि नोव्हेंबरमध्ये मोठी आवृत्ती येते, आणि 'स्टेबल' हे नाव काही दिवसांनी तिच्याकडं सरकतं. नको म्हणालो आणि 'अ‍ॅप्ट-मार्क होल्ड' लावून कोहा-कॉमन थांबवलं. सोर्स लिस्टमध्ये 'स्टेबल'च्या जागी '23.11' लिहून होल्ड काढला. आता त्याच आवृत्तीच्या दुरुस्त्या येतील. मोठी उडी दिवाळीच्या सुट्टीत, बॅकअप हातात घेऊन.

आजवरचा खर्च: सेल, यूपीएस, रॅम, पेस्ट मिळून 3,560. दोन पेन ड्राइव्ह आणि गाडीभाडं धरून साडेचार हजारांच्या आत. वेळ मोजला तर माझे चोवीस दिवस, त्यातले निदान नऊ वाया.

20 जुलै

जुनं दाखल रजिस्टर अजून बाकी आहे. ते निजामाच्या राजवटीतलं, तारखा फसली सालात. 1347 फसली म्हणजे 590 मिळवून 1937, आणि जानेवारीपासून पुढचे महिने असतील तर 1938. कोहाच्या तारखेच्या चौकटीत इसवी सन जातो, म्हणून तिथं हिशेब करून लिहितोय आणि मूळ फसली साल टिपेच्या क्षेत्रात जसंच्या तसं ठेवतोय.

त्यातली 212 पुस्तकं उर्दू आहेत. मला लिपी येत नाही. मोंढ्याजवळ राहणारे निवृत्त उर्दू शिक्षक गुरुवारपासून रोज दोन तास येतो म्हणालेत. त्यांच्यासाठी कीबोर्डचा उर्दू लेआउट आज लावून ठेवला.